पडद्यामागच्या डावखुऱ्या बाया

प्रिय आय,

काल बोईसरला तंबूतला सिनेमा पाहिला. तारापूरला विजेच्या कारखान्याचं काम निघाल्यापासून तिकडे कामगारांची एवढी गर्दी झालीये की तंबू आता आपल्या सातपाटीला येतच नाही. आणि ऐक, तिथं बायकासुद्धा पुरुषांसारख्या पडद्यासमोर बसतात! मीही समोर बसले आणि तुझी इतकी आठवण आली की सिनेमात काय झालं ते विचारू नकोस. तुला जाऊन वर्ष होईल. म्हटलं, आज लिहूनच टाकावं.

आपल्या गावात पडदा मैदानाच्या मधोमध टांगायचे. पुरुष समोर, आपण बायका-पोरी मागे. पडद्यावर पाणी मारलं की चित्र मागच्या बाजूलाही उतरायचं. किती खूश असायचीस तू! कारण सिनेमातली झाडून सगळी माणसं डावखुरी. बाया डाव्या हातानं पत्र लिहायच्या, डाव्या हातानं जेवायच्या. आपल्यासारख्याच!

तू डावरी, मी डावरी. लग्नानंतर आजीनं तुझी खोड मोडली होती. घरात कुणी नसलं तरच मासळी कापताना तुझा कोयता डाव्या हातात जायचा. माझ्या वेळी मात्र तू ऐकेनास. गुरुजींनी निरोप धाडला, पोरीचा हात बदला, नाहीतर तिला घरी बसवा. आजी माझा हात फडक्यानं बांधायला निघाली, तर तू कंबर कसून उभी!

"सिनेमातल्या शिकल्यासवरल्या बाया डाव्या हातानं लिवतात. माजी पोरपण लिवंल."

आजीनं फडकं खाली ठेवलं. ती सिनेमाला जातच नसे.

मग मुंबईहून मामा आला आणि म्हणाला, तुम्हाला मोठ्या पडद्याचा सिनेमा दाखवतो. सगळ्या आळीला सांगत सुटली होतीस! ठेवणीतलं लुगडं काढलंस. मुंबईच्या त्या थेटरात गुबगुबीत खुर्च्या, थंडगार हवा, आणि पडदा केवढा! आपल्या होडीचं शीड त्यापुढं रुमालाएवढं वाटलं असतं.

आणि पडद्यावरची बाई उजव्या हातानं पत्र लिहायला बसली.

तू माझा दंड धरलास. "ही उजवी कशी गो?" मग नायक उजव्या हातानं जेवला. सिनेमातल्या शिपायानंही उजव्या हातानं सलाम ठोकला. मध्यंतरात तू विचारलंस तेव्हा मामा पोट धरून हसला. "अगं ताय, तुमी पाठून बघता. पाठून समदं उलटं दिसतं!"

तू हसली नाहीस. उरलेला सिनेमा मान खाली घालून काढलास. घरी येईपर्यंत एक अवाक्षर नाही! त्याचा मला अजून राग आहे, आय. दहा वर्षांची मी, तुझ्या शेजारी बसून उजव्या हाताची बोटं दुमडून बघत होते, उद्यापासून याच हातानं लिहायचं म्हणून. तुला दिसलं नव्हतं का गं?

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आजीच्या पुढ्यात जाऊन बसलीस. टोपलीतली सुरमई काढलीस आणि कोयता डाव्या हातात घेतलास.

"सिनेमातल्या बाया उजव्याच हायत. माजं चुकलं," तू म्हणालीस. "पण मी डावरी हाय. आन् माजी पोरपण डावरी हाय. आता कुणाचा हात बांदायचा नाय."

 हात धुऊन तू मला घेऊन तडक शाळेत. गुरुजींसमोर माझी पाटी ठेवलीस. "लिव गो." मी डाव्या हातानं लिहिलं. पाटी भरेपर्यंत तू हललीच नाहीस. गुरुजींनी पाटी उचलून वाचली. मग म्हणाले, "बसू दे तिला."

त्या दिवशी मी आनंदानं धावत घरी आले, ते तुला कधी सांगितलंच नाही. एवढं साधं सांगायला मला काय झालं होतं?

आता बातमी ऐक. सोमवारपासून मी मासवणच्या शाळेत शिकवायला जातेय. तुझी पोर बाई झाली, आय! थोडी थांबली असतीस तर? जाऊ दे, रडत नाही.

तुला शब्द देते. पहिल्याच तासाला खडू डाव्या हातात घेईन. पोरं हसतील, हसू देत. पण त्यांच्यात एखादं तरी पोर आपला हात लपवून बसलेलं असेलच ना? त्याला खरीखुरी डावरी बाई दिसेल.

तुझी डावरी,
कमळ