शेवटच्या रांगेतले उघडे डोळे

रविवार, रात्र

आज प्रार्थनेत मी डोळे उघडले. पंधरा वर्षं चर्चचा पाळक आहे, "डोळे मिटा" असं लोकांना मीच सांगतो, आणि आज मीच उघडले. शेवटच्या रांगेत एक अनोळखी माणूस ताठ बसला होता. हातातला मोबाइल तो एकेका चेहऱ्यावरून सावकाश फिरवत होता. सगळ्यांचे डोळे मिटलेले.

आमेन झाल्यावर हसत जवळ आला. "छान हॉल आहे. पुढच्या रविवारी मित्रांना घेऊन येतो."

"अवश्य या. किती जण?"

"बरेच."

हडपसरमधला हा आमचा तिसरा हॉल. आधीचे दोन असेच गेले: आधी शूटिंग, मग जमाव, मग मालकाने जागा सोडायला सांगितली.

घरी आल्यावर बायकोला, सुनीताला सांगितलं. रविवारच्या भक्तीत पेटी तीच वाजवते. म्हणाली, "मागच्या रविवारीही आला होता. असंच शूटिंग करत होता."

"प्रार्थनेत? मग तुझे डोळे उघडे कसे?"

"तुमचे कसे होते?"

पुढचा रविवार रद्द करू? मंडळीतल्या लोकांना सांगितलं तर येणार कोण? नाही सांगितलं तर बिचारे डोळे मिटून बसतील, माझ्या भरवशावर. छे, प्रभूच्या. आणि मी कुणाच्या?

नाही. उद्या सगळ्यांना खरं सांगायचं. भक्ती होणार, ज्याला यायचं त्याने यावं.

मग जेवायला बसलो. "प्रभू, तू आमचा रक्षक आहेस," एवढं म्हणालो आणि डोळे आपोआप किलकिले झाले. सुनीता दाराकडे बघत होती.

मी थांबलो नाही. आमेन दोघांनीही म्हटलं.