मॅटवरचे बूट

सौंदड, रविवार

बूट दाराबाहेरच फेकलेत. घरात आणवत नाहीत.

माझ्या संघातल्या प्रणालीचं लग्न तालुक्याच्या क्रीडा संकुलात होतं. पोरींसाठी कबड्डीची मॅट मागता मागता माझे केस पिकले, आणि आज त्याच मॅटवर जेवणाची टेबलं. लोक बूट घालून उभे. रस्सा सांडून राहिले, एक जण तर तंबाखू-सुपारीचा खर्रा थुंकला. किळस आली. संकुलाच्या व्यवस्थापकाला म्हटलं, तर म्हणतो, "सर, एक दिवस तर आहे. धुवून देऊ." सरावाला एकाही पोरीला मी चपलेनं मॅटवर येऊ दिलं नाही कधी. मग आज भांडलो का नाही? पोरीचं लग्न, तमाशा कायले, असं मनाशी म्हणत ताट घेतलं.

तेवढ्यात नवरा-नवरी जेवायला आले. मॅटच्या कडेला प्रणाली थांबली, जड शालू सावरत वाकली आणि सँडल काढू लागली.

"काऊन काढून राहिली वं?" तिच्या मामानं विचारलं.

"मॅट आहे ना, मामा."

आणि अनवाणी पाय टाकला तो नेमका त्या थुंकीवर. मी समोरच होतो, ताट धरून. पायात बूट.