अकराचा फोन

शिरूर,
रविवार, दुपार

प्रिय प्राची,

पत्र बघून तोंड वाकडं करशील, माहीत आहे मला. फोन करायचं सोडून ताईला हे काय सुचलं, म्हणशील. पण तू फोन घेत नाहीस, आणि घेतलास तरी नुसता श्वास ऐकू येतो. म्हणून वहीची पानं फाडून लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

परवा धुरपदामावशीचा फोन आला होता. म्हणाली, पोरगी माझ्याकडं राहून नववीत गेली तरी वर्गात तोंड उघडत नाही, आणि घरात कुणाचाही फोन वाजला की स्वतःच्याच थोबाडीत मारून घेते. दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलंय, लॉकडाऊनमध्ये हिच्या घरी नेमकं काय झालं होतं? मावशी काय सांगणार? आपण तिलासुद्धा तू ओट्यावरून पडल्याचंच सांगितलं होतं. मी तेव्हा कंपनीत पॅकिंगला उभी होते. माझ्या हातातून खोका सुटला आणि सुपरवायझर सगळ्यांदेखत मला बोलला.

तुला आपलं घर आठवतं ना? आप्पांची रात्रीची थर्ड शिफ्ट असली की दिवसा पाल चुकचुकली तरी आपण तिच्यावर डोळे वटारायचो. आई चिमटा घेऊन कुकरपाशी बसायची आणि शिट्टी व्हायच्या आत वाफ हळूच सोडायची. भूक, पाणी, शी, पुरे, सगळ्याच्या आपल्या हाताच्या खुणा होत्या. तेव्हा तो खेळ होता. मग रांजणगावची कंपनी बंद पडली आणि आप्पा चोवीस तास घरात आले. त्यांना झोप ना दिवसा, ना रात्री. खुणा तशाच राहिल्या, फक्त चुकलं की पट्टा यायला लागला. आधी आईला, भाकरी थापताना, पाठीमागून. मग मला. एकदा ताट वाजलं म्हणून त्यांनी आईचा हात तव्यावर दाबला, आणि तिनं पदर तोंडात कोंबला. मूळचा माणूस वाईट नव्हता, असं आई अजून म्हणते. मला तिचा राग येतो. कोरोनानं काम नेलं असेल, पट्टा काही कोरोनानं हातात दिला नव्हता.

श्रावणातला तो दिवस तुला सांगायला नको. कंपन्या पुन्हा सुरू झाल्या होत्या आणि आप्पा ठेकेदाराच्या फोनची वाट बघत होते. घरात मोबाईल एकच, त्यावरच तुझी तिसरीची शाळा. आप्पा खाली नळावर गेले होते, तेवढ्यात अकराला फोन आला आणि तो कट झाला. वर आल्यावर त्यांनी बघितलं, उलटा फोन लावला. जागा दुसऱ्याला देऊन झाली होती. त्यांनी पट्टा काढला आणि विचारलं, "आकराला फोन कुणाकडं हुता?"

मी म्हणाले, "प्राचीचा तास चालू हुता."

आठ वर्षांची होतीस तू. त्यांनी केसांना धरून तुला भिंतीवर आपटलं. पट्ट्याचं बक्कल कानाखाली लागून रक्त आलं. मग मनगट पिरगळलं तेव्हा कट्कन वाजलं, आणि सगळ्या माराचा तेवढाच आवाज झाला. तू ओरडली नाहीस. दुसऱ्या हातानं तू खूण करत होतीस, जेवताना पोट भरल्यावर करायची ती. पुरे. मी तिथंच उभी होते. प्लास्टर घालून आणलं तेव्हा तू माझ्या कानाशी लागून विचारलंस, "माझ्या हातनं कट झाला का गं?" आणि मी म्हणाले, "व्हय."

तुझ्या हातून नाही झाला, प्राची. माझ्या हातून झाला. तुमच्या बाईंचं नेट गेलं म्हणून तास पावणेअकरालाच संपला होता. मोबाईल माझ्या हातात देऊन तू आईकडे पीठ मळायला गेलीस. मी मैत्रिणीनं पाठवलेला व्हिडिओ बघत होते, मध्येच फोन आला म्हणून चिडून लाल बटण दाबलं. नाव वाचलंसुद्धा नाही. पट्टा बघून घाबरले आणि तुला पुढे ढकललं. सहा वर्षं तू माझा मार खातेयस, आणि आता तर स्वतःच्याच हातानं. काल मी आप्पांना हे तोंडावर सांगितलं. त्यांनी भरलेला तांब्या फेकून मारला, भुवईवर तीन टाके पडलेत. पण या वेळी मी ओरडले, प्राची, अशी ओरडले की शेजारच्या साखरबाई ओल्या हातांनी धावत आल्या. आईनं दार सताड उघडलं आणि म्हणाली, "आता लावा हात, समद्यांम्होरं." आप्पा खाली बसले. आम्ही दोघी आता साखरबाईंच्या वरच्या खोलीत राहतोय. हे पत्र त्या डॉक्टरीणबाईंना दाखव, माझ्या नावासकट. बुधवारी संध्याकाळी पाचला मावशीचा फोन वाजेल, तो माझा असेल. हात गालाकडे नेऊ नकोस, फोनकडे ने. माफ करू नकोस, मला शिव्या दे. पण मोठ्यानं दे.

तुझीच, पाच वाजायची वाट बघणारी,
तेजश्री