सालेहचा खंजीर

रियाध, १४ जानेवारी २०२३

प्रिय अफशाँ बेटा,

सलाम आणि खूप दुआ. कोकम पोचलं. झाकण सैल होतं, अर्धी बॅग लाल झाली. उमामाचा दुधाचा दात पडला का? पत्र हुसेनमियाँच्या हाती देतेय, फोनवर हे बोलता येणार नाही.

माझं इथलं हॉस्पिटलातलं काम खलास झालं. माझ्या जागी अहद नावाची सौदी मुलगी आली. आता सगळीकडे सौदींनाच घेतात. तिला शिकवतेही मीच. राग यायला हवा होता, आला नाही. अठ्ठावीसचं विमान आहे.

निरोपाच्या भेटी चालल्यात. अहदने अत्तर दिलं. सालेहने त्याचा खंजीर दिला, येमेनी लोक कमरेला लावतात तो वाकडा. लढाईत त्याचा पाय गेला. आमच्याकडे कृत्रिम पाय लावायला आला आणि पाय बनवायला शिकून राहिला. मीच शिकवलं. शुक्रन म्हणून मी खंजीर पिशवीत टाकला, त्याला खजुराचा डबा दिला. तो रडला. मला वाटलं, पोरगं हळवं आहे.

दुसऱ्या दिवशी वॉर्डातले येमेनी हादीचाचा म्हणाले, "सिस्टर, काय घेतलंत ठाऊक आहे का?" ज्याच्या हातून रक्त सांडलं, तो मेलेल्याच्या घरी आपला खंजीर देतो. परत केला तर माफी. ठेवून घेतला तर नाही.

हे लिहायचं टाळायलाच आधी कोकमाचं लिहीत बसले.

माझ्या टेबलावर आपल्या उमैरचा बोटीवरचा फोटो असतो. सालेहने बोटीचं नाव वाचून मला ती जळाली तो दिवस विचारला होता. उमैरची बोट जळाली तेव्हा तो येमेनच्या किनाऱ्यावरच्या तोफेपाशी होता. एकोणीस वर्षांचा. बोटीत हत्यारं आहेत असं त्यांना सांगितलेलं. कांदे होते, अफशाँ.

हे कळल्यावर मी ओरडले नाही. सालेहच्या पायाचा पट्टा सैल होता, तो घट्ट केला. उमैरची खबर आली त्या दिवशीही मी ड्यूटी पुरी केली. तू म्हणाली होतीस, "अम्मी, एकदा तरी रडा."

लढाई थांबून नऊ महिने झाले, पण सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. सालेहच्या गावचे बुजुर्ग म्हणतात, आधी प्रत्येकाने आपल्या हातून सांडलेल्या रक्ताचा हिशेब मिटवावा, तरच गाव नांदेल. तिथे दोन्ही बाजूंच्या जखमींसाठी पाय बनवायची जागा निघतेय. ते काम सालेहशिवाय कुणाला येत नाही, आणि माफीशिवाय त्याला तिथे बसू देणार नाहीत.

मी खंजीर परत करायला निघाले होते. हादीचाचांनी अडवलं. एकट्या आईचा शब्द चालत नाही, बायकोचा, म्हणजे तुझाही लागतो. मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची लाज वाटते.

माफ कर असं मी सांगणार नाही. तुझं तू ठरव. नाही म्हणालीस तर खंजीर सामानात घालून घरी आणीन. उमामाला दिसणार नाही अशी जागा मात्र तूच शोध.

आज सालेह एका छोट्या मुलीचा पाय घासत होता. "बघा, बरोबर झालाय का?" मी तो हातात घेतला. उमामाच्या मापाचा होता. मी तो छातीशी धरला, काही केल्या खाली ठेववेना.

फोनवर फक्त हो किंवा नाही म्हण. अठ्ठावीसच्या आत.

उमैरची आणि तुझीही,
अम्मी