बिनचूक भाग

३ जून

ती. स्व. 'अहो' यांस,

सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. लेक बरी आहे, बाळ दिवसा झोपतं आणि रात्री घर जागवतं. जावई हौसेने चहा करतात, पण साखर इतकी घालतात की चमचा उभा राहावा. शेवटी माझा बिनसाखरेचा वेगळा करून घेते.

एक अडचण आहे. इथला टीव्ही बाळाच्या खोलीत, आणि दुपारी दोनला बाळ गाढ झोपलेलं. म्हणजे माझी मालिका बुडाली. तेव्हा एवढं करा, रोज ती बघा आणि मला कळवा. फोनवर तुम्ही 'हं' च्या पलीकडे बोलत नाही, म्हणून पत्रच लिहा. कथा अशी आहे की धाकट्या सुनेने बोल लावला म्हणून सासूबाई बॅग उचलून बहिणीकडे निघून गेल्यात, आणि सासरे मूग गिळून गप्प बसलेत.

रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणाल, ठाऊक आहे. पण निवृत्त झाल्यापासून तुम्ही तरी कोणता डोंगर फोडताय?

जेवणाची आबाळ करू नका. लोभ आहे, तो वाढवा.

तुमचीच,
ही

१० जून

सौ. घरमालकीणबाईंना,

स. न. वि. वि.

हुकमाप्रमाणे बघितली. छापखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, पण एवढ्या चुका एका जागी कधी पाहिल्या नाहीत. थोरल्या सुनेच्या डाव्या हाताला पट्टी होती, ती स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत उजव्या हातावर गेली. घरात भर दुपार आणि भिंतीवरच्या घड्याळात सव्वानऊ. वकिलाने अर्धा प्यालेला कप पुन्हा काठोकाठ भरला. सोमवारचा अख्खा भाग एक दार उघडण्यात गेला, आणि मंगळवारी कळलं की दारात कुणीच नव्हतं!

या असल्या गोष्टीला लोक डोळ्यांत पाणी आणून बसतात म्हणजे कमाल आहे. ती धाकटी मात्र अगदी आगाऊ. बुधवारी ती सासऱ्यांना टाकून बोलली तेव्हा मी हातातलं वर्तमानपत्र आपटलं. खालच्या शिंपीणबाई काय झालं म्हणून वर आल्या, आणि मग बसूनच राहिल्या.

भाजी दोनदा करपली. बाकी ठीक. नातवाला पापा.

तुझा,
मी

१९ जून

ती. स्व. 'अहो' यांस,

सा. न. वि. वि.

तुमचं पत्र लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. हसता हसता तिला ठसका लागला. वर्तमानपत्र आपटलंत म्हणे! चुका काढा हो, सगळ्या काढा, मला मालिकेपेक्षा त्यांचीच गोडी लागलीय.

आता जरा कामाचं. लेक महिन्याभरात कामावर जाणार. ती आणि जावई म्हणतात की बाळ चालायला लागेपर्यंत मी इथेच राहावं. वर्षभर तरी म्हणा. त्यांना मी अजून काहीच सांगितलेलं नाही. तुम्ही काय ते लिहा, मी वाट बघतेय.

लोभ कमी पडू देऊ नका.

तुमचीच,
ही

२७ जून

सौ. घरमालकीणबाईंना,

स. न. वि. वि.

बाळ महत्त्वाचं. खुशाल राहा. माझं इथे काही अडत नाही.

मालिकेत आता गंमत आली आहे. सासरे रोज दुपारी चहा टाकतात, सवयीने दोन कप. एक साखरेचा, एक बिनसाखरेचा. आपला पितात, दुसरा निवला की मोरीत ओततात. सुनेला काही बोलत नाहीत, कारण बोलायचं ते जिच्याशी, ती घरात नाही. पत्र लिहायला बसतात आणि भलतंच काहीतरी लिहून उठतात. शेवटी एका दुपारी दार वाजतं. उघडून बघतात तो सासूबाई, बॅगेसकट. भाग तिथेच संपला. फार चांगला झाला.

प्रकृतीस जप.

तुझा,
मी

४ जुलै

ती. स्व. 'अहो' यांस,

सा. न. वि. वि.

पत्र वाचलं, पुन्हा वाचलं, आणि वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. पट्टी हलली नाही, घड्याळ चुकलं नाही, कप भरला नाही. एवढा बिनचूक भाग त्या लोकांच्या हातून होणे नाही! म्हणून काल बाळाला लेकीकडे देऊन शेजारी जाऊन मालिका बघून आले. सासऱ्यांची स्मृती गेलीय, आणि सासूबाई चष्मा लावून त्यांच्याच घरात नर्स म्हणून वावरतायत. त्यांना म्हणे कोणी ओळखत नाही. तुमची गोष्ट याहून पुष्कळ बरी. आपला टीव्ही बिघडलाय ना? मला सांगायचं होतंत.

आणि मुद्रितशोधक महाशय, एक चूक तुमच्या नजरेतून सुटली. मालिकेतल्या त्या सासूबाई तीन चमचे साखर घेतात. बिनसाखरेचा मी पिते.

इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदाही 'ये' म्हणाला नाहीत, म्हणून कधी कधी मी खट्टू होत असे. आता नाही होणार. लेकीने पत्र वाचलं, डोळे पुसले आणि स्वतःच माझी बॅग भरायला काढली. बाळासाठी तिच्या ओळखीची एक भली बाई दिवसभर येणार आहे. सणकीत नाही, सगळं नीट ठरवून निघतेय.

रविवारी दुपारी पोचते. तुमच्या मनात आहे तो लोभ अधूनमधून तोंडानेही सांगत चला. चहा दोन कपच टाका, आणि दुसरा ओतू नका.

तुमचीच,
ही