काळी नव्हे, निळी

९ नोव्हेंबर, सोमवार दुपार

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद. आजी झालेल्या बाईला चिमी म्हणायचं नाही, असं तू बजावून ठेवलं आहेस, पण पत्रात कोण ऐकतंय. तुझे गुडघे काय म्हणतात? तुझ्या घरच्यांचा खोकला गेला का?

आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तू जीव मुठीत धरून बसणार नाहीस. तू माझ्यावर फुगली आहेस, हेही मला माहीत आहे. उन्हाळ्यापासून तुझा फोन आला की मी एक तर आंघोळीला गेलेली असायची, नाही तर बाजारात. एवढ्या आंघोळी कोणी करत नाही. कारण सांगणार आहे, पण माझ्या पद्धतीने सांगू दे.

आमचं विणकाम जोरात चालू आहे. वाचनालयाच्या माडीवर मंगळवारी आणि शुक्रवारी आमचा अड्डा जमतो. दहा-बारा बायका आणि एक निवृत्त पोस्टमन. ते फक्त मफलर विणतात आणि तो कुठे थांबवायचा, हे त्यांना कळत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी आम्ही इस्पितळाला पांढरी टोपरी देतो, संत्र्यावर बसतील एवढीशी. यंदा एका बंद पडलेल्या दुकानाने गडद लोकरीची पोती पाठवली, म्हणून रात्रनिवाऱ्यातल्या लोकांसाठी कानटोप्याही सुरू केल्या. सगळ्यांवर देखरेख मास्तरीणबाईंची. जन्मभर शाळेत शिकवलं, आता आम्हाला शिकवतात. टाका सैल पडला तर चष्म्यावरून नुसत्या बघतात, तेवढं पुरतं.

ह्या कानटोप्यांत माझं बिनसायला लागलं.

माझं, चिमे. गप्पा मारत, दुधावर लक्ष ठेवत, तुझी भांडणं सोडवत मी अख्खे स्वेटर विणले आहेत. आणि आता मला सुलट कुठे, उलट कुठे कळेना. टाका निसटायचा आणि चार ओळी पुढे गेल्यावर लक्षात यायचं, कधी यायचंही नाही. मग विणकामाबाहेरही असं घडायला लागलं. शेजारीण जिन्यात समोर येऊन हसली आणि मी परक्यासारखी पुढे निघून गेले. चुकीच्या बसमध्ये चढून भलतीकडेच उतरले. चहा कपाच्या बाहेर ओतला. मी काय समजले असेन, ते तुला सांगायला नको. आईचं असंच सुरू झालं होतं.

हे लिहायला अजून जड जातंय. शेवटच्या वर्षी आईने तुला विचारलं होतं, "आपण कोणाकडे आलात?" तू हसून पाणी मागितलंस, आणि मग मोरीत नळ सोडून किती वेळ उभी होतीस, ते मी बाहेरून ऐकत होते. मला वाटलं, आता माझी पाळी. विसरण्याची भीती होतीच, पण तुझ्यावर तसा प्रसंग पुन्हा येईल, आणि ह्या खेपेस तो माझ्यामुळे येईल, ह्या विचाराने माझी झोप उडाली होती. शिवाय माझं ऐकून तूही स्वतःला चाचपत बसली असतीस. फोनवर एखादा शब्द चुकला असता तर तू लगेच ताडलं असतंस. म्हणून फोनच नको.

ह्यांनाही बोलले नाही. डोकं शाबूत आहे ना, हे बघायला न्हाणीघरात पाढे म्हणायची. एक दिवस एकोणतीसचा पाढा चालू असताना बाहेरून ह्यांनी विचारलं, "कुठल्या परीक्षेला बसते आहेस?"

"तुमच्याच," म्हटलं.

मागच्या महिन्यात एका शुक्रवारी मी लवकर पोचले, तर खिडकीशी मास्तरीणबाई एकट्याच कानटोपी उसवत बसल्या होत्या. मी ती हातात घेतली आणि बोटांनीच ओळखली. काठाला आईने शिकवलेले दुहेरी टाके होते, ते आमच्यात दुसरं कोणी घालत नाही.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"बरेच दिवस झाले. घरी नेते आणि पुन्हा विणते."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू यायचीच बंद झाली असतीस. टोपी काय, पुन्हा विणता येते."

मला इतकी लाज वाटली आणि इतका राग आला, की मी तिथेच रडायला लागले. जे नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, ते सगळं त्या बाईंपुढे ओकून मोकळी झाले. आईचं, बसचं, पाढ्यांचंसुद्धा. शेवटी म्हणाले, "ही काळी लोकर आली आणि माझं डोकं गेलं."

त्यांनी सुया खाली ठेवल्या. "कुठली काळी?"

"हीच."

"अगं, ही निळी आहे."

मी ती उजेडात धरली. काळीच. दिव्याखाली नेली, तरी काळीच. मास्तरीणबाईंनी माझ्या पिशवीतून पांढरं टोपरं काढलं आणि आतून-बाहेरून तपासलं. "ह्यात एक टाका चुकलेला नाही. डोकं जायचं तर ते लोकरीचा रंग बघून जात नाही. ऊठ, आधी डोळे दाखव."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. डॉक्टरीणबाई जपून, हळू आवाजात सांगायला लागल्या आणि मला हसू आवरेना. त्यांना वाटलं, मला कळलंच नाही, म्हणून त्यांनी परत पहिल्यापासून सांगितलं. तरी माझी खात्री पटेना, म्हणून मेंदूच्या डॉक्टरांकडेही जाऊन आले. त्यांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि म्हणाले, वयाच्या मानाने तल्लख आहात. वय काढायची काही गरज नव्हती. एकोणतीसचा पाढा ऐकवू का विचारलं, तर नको म्हणाले.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढून घरी आले, तर दार उघडायला हे उभे, अंगात मी नुकताच विणलेला काळा स्वेटर. त्याची एक बाही निळी. म्हणजे माणूस बँकेत, बाजारात, चारचौघांत असा हिंडत होता.

"बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"मला वाटलं, मुद्दाम केलं असशील. आणि लोकांच्या टोप्यांमधून माझा नंबर इतक्या दिवसांनी लागला होता."

बाही उसवून देते म्हटलं, तर स्वेटर अंगातून काढायला तयार नाहीत.

चिमे, मला किती हलकं वाटतंय म्हणून सांगू. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात, त्यांना लावलेले चिमटे दिसतात, आणि तेवढ्यावर मी चहा निवेपर्यंत खूश होऊन बसते. शेजारणीकडे जाऊन झालेला प्रकार सांगितला. ती बिचारी समजत होती, कचऱ्याच्या डब्यावरून बोलली म्हणून मी अबोला धरलाय. मास्तरीणबाईंचे आभार मानायला गेले, तर म्हणाल्या, "आता दिसतंय ना? मग माझ्या वाट्याच्या टोप्या तू विण." विणते आहे. निळी लोकर काय सुंदर आहे, आणि मी तिला इतके दिवस शिव्या घातल्या.

पुढे काय वाढून ठेवलंय, ते कोणाला ठाऊक. आपण दोघी आईच्याच मुली आहोत. पण पुन्हा काही बिनसलं तर पहिला फोन तुला करीन, आणि तूही मला करायचास. एकटीने घाबरण्यात काही शहाणपण नाही, हे मी करून पाहिलंय.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात आहे. तेव्हा ये, चांगली राहायला ये. स्टेशनवर मी एकटीच येईन तुला घ्यायला. तू हात हलवू नकोस, हाक मारू नकोस, लोकांमध्ये नुसती उभी राहा. मी बरोबर तुझ्यापाशी येते.

तुला पुरती ओळखून असलेली,
ताई