बाबांचा गुडघा आणि माझी प्रस्तावना

३ जानेवारी
गोदामातलं लोखंडी रॅक बाबांच्या गुडघ्यावर कोसळलं, त्याला येत्या मेमध्ये दोन वर्षं होतील. कंपनी म्हणते, चूक बाबांचीच. भरपाई मिळाली तरच दुसरं ऑपरेशन. दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. मी घरातली पहिली ग्रॅज्युएट, वकील कशाला? वर्षभर मनात लिहितेच आहे, फक्त कागदावर उतरवायचंय. मुदत २८ मे. दोन वर्षांपूर्वी त्याच दिवशी माझा शेवटचा पेपर संपला आणि होस्टेलवर आईचा फोन आला. ती तारीख विसरेन कशी?

२० जानेवारी
अर्जाची प्रस्तावना सुरू. विषय: श्रमाची प्रतिष्ठा. एक वाक्य झालं. सुंदर झालं.

११ फेब्रुवारी
ते वाक्य खोडलं. धाकट्याने विचारलं, ताई, बाबांचा गुडघा कितव्या पानावर येतो? दुर्लक्ष केलं.

९ मार्च
आई म्हणाली, हॉस्पिटलची फाइल कपाटात आहे, एकदा उघड तरी. म्हटलं, आधी तत्त्व, मग तपशील. ती म्हणाली, तत्त्वाला जिना चढावा लागत नाही गं. बाबांनी तिला गप्प केलं आणि मला शांतता हवी म्हणून टीव्हीही बंद केला.

१६ एप्रिल, दुपार
प्रस्तावना नऊ पानं. बाबा काठी टेकत खाली गेले आणि माझ्यासाठी नवं पेन घेऊन आले. त्यांना सांगितलं, ऑपरेशन झालंच समजा.

१९ मे
अर्ज तयार! मुदतीच्या कितीतरी आधी. शिस्त म्हणतात ती हीच. उद्या फाइल जोडून देऊन टाकायचा.

२० मे
कोर्टातल्या क्लार्कने प्रस्तावना न वाचता बाजूला ठेवली. फाइल उघडली. म्हणाला, अपघात ६ मेचा, मुदत संपली. मी म्हटलं, शक्यच नाही. सोबत आलेले बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, तुझी परीक्षा चालू होती ना, पेपर संपेपर्यंत हिला कळवायचं नाही, असं मीच सगळ्यांना बजावलं होतं.


२१ मे
शेवटी वकीलबाई गाठल्या. उशीर माफ करा असा अर्ज करता येतो म्हणाल्या, पण मान्य होईलच असं नाही. उशिराचं कारण विचारलं. मी प्रस्तावना काढायला पिशवीत हात घातला. बाबांनी तो हळूच धरला. म्हणाले, लिहा, मुलगी शिकत होती.
वकीलबाईंनी विचारलं, आणि त्यानंतर?
बाबा म्हणाले, त्यानंतर लिहीत होती.